चामड्याच्या दुकानावरचं अंतराळ

उत्तर लंडनमधल्या होलोवे रोडवर ३०४ क्रमांकाची इमारत आहे. साठच्या दशकात तिच्या तळमजल्यावर चामड्याच्या बॅगा आणि पाकिटं विकणारं दुकान होतं. वरचे मजले जो मीक नावाच्या तरुणाने १९६० साली भाड्याने घेतले होते. रस्ता कायम वर्दळीचा, घर जुनं, जिना अरुंद. या घरात १९६२च्या जुलैमध्ये सव्वातीन मिनिटांची एक धून मुद्रित झाली. तिला शब्द नाहीत. शेवटी एक माणूस स्वर लावतो, तोही नुसता आलापासारखा. धुनीचं नाव 'टेलस्टार' आणि वाजवणाऱ्या पाच जणांच्या बँडचं नाव टॉर्नेडोज.

डेका कंपनीने ही रेकॉर्ड १७ ऑगस्ट १९६२ रोजी बाजारात आणली. ऑक्टोबरमध्ये ती ब्रिटनच्या सर्वाधिक खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली आणि तिथे पाच आठवडे राहिली. डिसेंबरच्या उत्तरार्धात ती अमेरिकेतही अव्वल ठरली आणि तीन आठवडे तिने जागा सोडली नाही. त्याआधी अॅकर बिल्कसारख्या एकट्या ब्रिटिश कलावंतांनी अमेरिकेत पहिला क्रमांक गाठला होता, पण अख्ख्या ब्रिटिश बँडला तो मान पहिल्यांदा मिळाला तो या धुनीमुळे. बीटल्स तिथे पोचले १ फेब्रुवारी १९६४ रोजी, म्हणजे वर्षभराहून अधिक काळानंतर. बीटल्सची 'लव्ह मी डू' ही पहिली रेकॉर्ड ब्रिटनमध्ये ५ ऑक्टोबर १९६२ला आली तेव्हा यादीच्या शिखरावर 'टेलस्टार' होती. याच डेका कंपनीने त्या वर्षाच्या सुरुवातीला बीटल्सची चाचणी घेऊन त्यांना परत पाठवलं होतं.

लोकप्रिय गाण्यांच्या इतिहासात 'टेलस्टार'चा उल्लेख बहुतेक वेळा एका ओळीत उरकला जातो: उपग्रहाच्या नावावर निघालेली एक गमतीची धून. मला हा तिच्यावर मोठा अन्याय वाटतो. ही धून ज्या मीकने रचली त्याला नोटेशन वाचता येत नव्हतं, एकही वाद्य धड वाजवता येत नव्हतं आणि गळाही सुरात नव्हता. तरीही ती पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याचीच आहे, कारण त्याचं वाद्य टेपरेकॉर्डर हे होतं. ध्वनिमुद्रण करणारा माणूसही संगीताचा कर्ता असू शकतो, हे जगातल्या लाखो घरांत नकळत पोचवणारी ही रेकॉर्ड आहे.

आधी उपग्रहाबद्दल. १९६२पर्यंत अमेरिका आणि युरोप यांच्यामध्ये टेलिफोन चालत होता, कारण १९५६ साली अटलांटिकच्या तळाशी टेलिफोनची केबल टाकून झाली होती. पण तिच्यातून एका वेळी मोजकीच संभाषणं जात. टेलिव्हिजनचं चित्र त्या केबलच्या आवाक्यात नव्हतं. न्यूयॉर्कमधली घटना लंडनच्या पडद्यावर दाखवायची तर फिल्मचे डबे विमानाने आणावे लागत. अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेने त्यावर उपाय म्हणून बनवला तो टेलस्टार. सुमारे ८८ सेंटिमीटर व्यासाचा आणि ७७ किलो वजनाचा हा गोळा होता, आणि त्याच्या अंगावर ३,६०० सौरघट बसवले होते. जमिनीवरून आलेला क्षीण संदेश पकडायचा, कित्येक पटींनी वाढवायचा आणि दुसऱ्या वारंवारितेवर खाली पाठवून द्यायचा, एवढंच त्याचं काम.

१० जुलै १९६२ रोजी केप कॅनव्हरलहून तो आकाशात गेला. आजचे दळणवळण उपग्रह विषुववृत्तावर एका जागी टांगल्यासारखे दिसतात, तसा तो नव्हता. त्याची कक्षा लंबवर्तुळाकार होती आणि एका फेरीला सुमारे दोन तास सदतीस मिनिटं लागत. त्यातली जेमतेम वीस मिनिटं तो अटलांटिकच्या दोन्ही काठांवरून एकाच वेळी दिसायचा. तेवढ्या वेळात अमेरिकेतल्या मेन राज्यातलं अँडोव्हर केंद्र आणि पलीकडची दोन केंद्रं, इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधलं गूनहिली आणि फ्रान्समधलं प्लमर-बोदू, यांनी आपापले अवाढव्य अँटेना त्याच्या मागे फिरवत ठेवायचे. पहिल्या रात्री फ्रान्समध्ये चित्र स्वच्छ आलं आणि गूनहिलीला मात्र नीट मिळालं नाही. लहरींच्या ध्रुवीकरणाची दिशा दोन्ही बाजूंनी वेगळी समजली गेली होती. ती दुरुस्ती झाल्यावर तिथेही चित्र उमटलं. २३ जुलैला दोन्ही खंडांनी एकत्र पाहिलेला पहिला जाहीर थेट कार्यक्रम झाला. त्यात अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची पत्रकार परिषद होती आणि शिकागोच्या मैदानावरच्या बेसबॉल सामन्याचा तुकडाही होता.

लोक या गोळ्याने भारावून गेले होते. जो मीक तर आधीपासूनच अंतराळाच्या नादी लागलेला होता. दोन वर्षांपूर्वी त्याने 'आय हिअर अ न्यू वर्ल्ड' या नावाने चंद्रावरच्या जीवसृष्टीची कल्पना करत एक अख्खी ध्वनिमालिका मुद्रित केली होती. तिचा थोडाच भाग तेव्हा बाजारात आला आणि कोणी फारसं लक्ष दिलं नाही. टेलस्टारची चित्रं पाहिल्यावर त्याच्या डोक्यात चाल घोळू लागली.

आता अडचण अशी, की चाल डोक्यात असली तरी ती वादकांपर्यंत पोचवायची कशी? मीकने आपल्याकडची दुसऱ्याच एका गाण्याची साथसंगत असलेली टेप लावली आणि तिच्यावर आपल्या आवाजात 'ला ला' करत नवी चाल म्हटली. ही टेप पुढे लोकांसमोर आली आहे. साथ एका गाण्याची, चाल दुसऱ्याची, आणि सूर कधी वर कधी खाली. या गोंधळातून धून शोधून काढून ती स्वरांत मांडण्याचं काम त्याच्या एका सहकारी वादकाने केलं. मला ती टेप फार मोलाची वाटते. तिच्यात मीकची सगळी उणीव उघडी पडते, आणि त्याला नक्की काय ऐकू येत होतं याचा अंदाजही तिथेच येतो.

टॉर्नेडोज तेव्हा ग्रेट यार्मथ या समुद्रकाठच्या गावी होते. बिली फ्युरी नावाच्या लोकप्रिय गायकाला साथ करणं ही त्यांची नोकरी, आणि उन्हाळ्यात अशा गावांतून मुक्कामी कार्यक्रम चालत. सुट्टीच्या दिवशी गाडीने लंडन गाठायचं, वाजवायचं आणि पुन्हा कार्यक्रमाला हजर व्हायचं. ड्रमवर क्लेम कॅटिनी, मुख्य गिटारवर अॅलन कॅडी, दुसऱ्या गिटारवर जॉर्ज बेलामी, बासवर हाइन्झ बर्ट आणि कीबोर्डवर रॉजर लाव्हर्न. त्यांनी आपला भाग वाजवला आणि ते परतले. ज्या आवाजामुळे ही धून जगभर ओळखली गेली तो त्यांच्या मागून, त्याच टेपवर, जेफ गॉडर्ड या मीकच्या साथीदाराने चढवला. शेवटचा तो निःशब्द स्वरही गॉडर्डचाच.

तो आवाज क्लॅव्हिओलिनचा. (काही जाणकार म्हणतात की ते त्याच कुळातलं युनिव्हॉक्स नावाचं ब्रिटिश वाद्य होतं. दोघांची जात एक, आवाजही जवळजवळ एक.) आणि इथे मराठी वाचकाने कान टवकारावेत, कारण हा आवाज आपल्या फार ओळखीचा आहे.

१९५४ साली आलेला 'नागिन' हा चित्रपट आठवा. गोरेगावच्या फिल्मिस्तानची निर्मिती, हेमंत कुमारांचं संगीत आणि वैजयंतीमालाचं नृत्य. त्यातल्या गाण्यांत जी पुंगी वाजते ती कोणा गारुड्याने वाजवलेली नाही. हेमंत कुमारांचे सहायक असलेले कल्याणजी वीरजी शाह यांनी ती क्लॅव्हिओलिनवर वाजवली होती आणि तिच्या जोडीला रवी यांनी हार्मोनियम धरली होती. हे कल्याणजी म्हणजे पुढे कल्याणजी-आनंदजी या जोडीतले, गिरगावात वाढलेले. 'नागिन'ची ती धून आजही लग्नाच्या वरातीत आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत बँडवाल्याने सुरू केली की कोणीतरी रुमाल तोंडात धरून रस्त्यावर लोळण घेतोच. म्हणजे मुंबईत ज्या वाद्याने नाग डोलवला, त्याच वाद्याने आठ वर्षांनी लंडनमध्ये उपग्रह उडवला.

हे कसं शक्य झालं, ते वाद्याची रचना पाहिली की कळतं. कॉन्स्टन मार्तँ या फ्रेंच माणसाने १९४७ साली क्लॅव्हिओलिन बनवलं. तीन सप्तकांची छोटी पट्टी, आणि वेगळ्या खोक्यात अॅम्प्लिफायर व स्पीकर. पट्टी पियानोच्या खाली अडकवायची सोय असे, म्हणजे डाव्या हाताने पियानो आणि उजव्याने क्लॅव्हिओलिन वाजवता यावं. आत निर्वात नळ्यांवर चालणारा एक दोलक असतो, तो विजेची वेगवान कंपनं निर्माण करतो. ती कंपनं निम्मी केली की स्वर एक सप्तक खाली येतो, पुन्हा निम्मी केली की आणखी एक. पट्टीच्या पुढच्या बाजूला लहान लहान कळा असतात. त्यांनी ध्वनीतले काही अंश गाळता येतात आणि त्यामुळे आवाज कधी व्हायोलिनसारखा, कधी बासरीसारखा, कधी सनईसारखा चिरका येतो. स्वराला थरथर द्यायची वेगळी कळ असते. आवाज कमी-जास्त करण्यासाठी गुडघ्याने ढकलायचा दांडा असतो, म्हणून दोन्ही हात मोकळे राहतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे या वाद्यावर एका वेळी एकच स्वर वाजतो. युरोपीय वादकाला ही उणीव वाटायची, कारण त्याला कॉर्ड हवे असतात. आपल्याकडे एकेरी सुरावट हाच संगीताचा पाया. त्यामुळे मुंबईच्या स्टुडिओत हे वाद्य बिनबोभाट रुळलं. कल्याणजींनी चिरका, नाकातून आल्यासारखा रंग निवडला, स्वरांना झटके दिले आणि खाली हार्मोनियमचा सूर धरून ठेवल्यावर पुंगीच्या दोन नळ्यांचा भास पुरा झाला. गॉडर्डने लांब, सरळ, वर चढत जाणारे स्वर वाजवले, आणि मीकने त्यांच्याभोवती प्रतिध्वनीचा एवढा मोठा पोकळ घुमट उभा केला की ऐकणाऱ्याला अंतर जाणवावं, उंची जाणवावी. वाद्य तेच, पण मुंबईत त्याला वादकाच्या बोटांनी रूप दिलं आणि लंडनमध्ये मुद्रण करणाऱ्याने.

मीकचं काम नीट समजायचं तर त्या काळात मुद्रण कसं होई हे पाहायला हवं. लंडनच्या मोठ्या कंपन्यांच्या स्टुडिओत शिस्त कडक असे. मायक्रोफोन वाद्यापासून ठराविक अंतरावर ठेवायचा, मीटरचा काटा लाल भागात जाऊ द्यायचा नाही, आणि सभागृहात बसलेल्या श्रोत्याला जे ऐकू येईल तेच टेपवर उतरवायचं. मुंबईतही त्या वर्षांत गायक आणि सारा वाद्यवृंद एकाच दालनात एकाच वेळी वाजवत असे. एक व्हायोलिन चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. त्या पद्धतीतून अजोड गाणी निघाली आहेत, तिला कमी लेखण्याचं कारण नाही. पण त्यात ध्वनिमुद्रकाची भूमिका साक्षीदाराची होती.

मीकला साक्षीदार व्हायचं नव्हतं. त्याचा जन्म १९२९चा, ग्लॉस्टरशरमधल्या न्यूएंट गावचा. लहानपणापासून रेडिओ आणि अॅम्प्लिफायर खोलून जोडण्याचा नाद. सक्तीच्या लष्करी सेवेत हवाई दलात रडार सांभाळलं, मग वीजमंडळात नोकरी केली, आणि पन्नासच्या दशकात लंडनच्या आयबीसी आणि लॅन्सडाउन या स्टुडिओंत ध्वनिमुद्रक म्हणून काम केलं. १९५६ साली हम्फ्री लिटलटन या जॅझ वादकाच्या 'बॅड पेनी ब्लूज' या रेकॉर्डमध्ये त्याने पियानोचा खालचा भाग आणि ड्रमवरचे ब्रश मुद्दाम पुढे आणले, आवाज दाबून घट्ट केला. त्या काळी हे नियमाबाहेरचं होतं. रेकॉर्ड ब्रिटनच्या पहिल्या वीसांत गेली. वरिष्ठांशी मात्र त्याचं कुठेच जमलं नाही. शेवटी मेजर बँक्स नावाच्या व्यापाऱ्याच्या पैशावर त्याने होलोवे रोडवर स्वतःचा संसार मांडला. मोठ्या कंपन्यांच्या बाहेर राहून आपल्या घरात पूर्ण रेकॉर्ड तयार करायची आणि मग ती टेप कंपनीला भाड्याने द्यायची, ही पद्धत ब्रिटनमध्ये त्याने रुजवली.

घरात जागा थोडी होती, म्हणून त्याने अख्खं घर वापरलं. बँड एका खोलीत, गायक पडद्याआड किंवा न्हाणीघरात, तंतुवाद्यं वाजवणारे जिन्यावर. न्हाणीघराच्या फरशीवर आवाज चांगला घुमतो म्हणून तेच त्याचं प्रतिध्वनी-दालन झालं. कृत्रिम घुमारा आणण्यासाठी त्याने एका मोडक्या हीटरमधल्या स्प्रिंगांचं यंत्र स्वतः बनवलं. एका टोकाकडून आवाज सोडायचा, तो स्प्रिंगेतून थरथरत जातो, आणि दुसऱ्या टोकाशी तो पुन्हा उचलायचा. ड्रमच्या आत तो घोंगडी कोंबायचा, म्हणजे ठोका कोरडा आणि टणक यावा. मायक्रोफोन वाद्याला जवळजवळ चिकटवायचा. १९६४ साली हनीकोम्ब्ज या बँडचं 'हॅव आय द राइट' मुद्रित करताना त्याने वादकांना जिन्याच्या पायऱ्यांवर पाय आपटायला लावलं आणि सायकलच्या क्लिपांनी कठड्याला मायक्रोफोन बांधले. तीही रेकॉर्ड पहिल्या क्रमांकावर गेली.

यातली एक युक्ती जरा थांबून पाहण्यासारखी आहे. टेपवर एकावर एक थर कसे चढवायचे? आज संगणकावर शंभर थर सहज ठेवता येतात. मीककडे दोन टेपरेकॉर्डर होते. पहिल्यावर बँड मुद्रित करायचा. मग ती टेप वाजवत ठेवायची, तिच्या जोडीने क्लॅव्हिओलिन वाजवायचं, आणि दोन्ही एकत्र दुसऱ्या यंत्रावर उतरवायचं. आता दुसरी टेप वाजवून तिच्यावर पुढचा थर. प्रत्येक उतरवणीला टेपची खरखर वाढते आणि आधीच्या थराची धार थोडी बोथट होते. शिवाय मागे फिरता येत नाही. तिसऱ्या थरावर लक्षात आलं की ड्रम कमी पडतोय, तर इलाज नाही. म्हणून प्रत्येक पायरीवर शेवटचा आवाज कसा होणार हे आधीच कानात असावं लागतं. टेपचा वेग थोडा वाढवला तर सूर चढतो, स्वराचा आरंभ अधिक चपळ होतो आणि वाद्य माणसाने वाजवल्यासारखं राहत नाही. मीक हे वारंवार करत असे. 'टेलस्टार' ऐकताना वाद्यं ओळखीची असूनही परकी का वाटतात, त्याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

धुनीच्या सुरुवातीला यानाच्या उड्डाणासारखी घरघर ऐकू येते. ती केप कॅनव्हरलची नाही. तीही होलोवे रोडवरच, टेपशी खेळून तयार केलेली. घरघर जवळ येते, तिच्यातून घोड्याच्या दुडक्या चालीची लय फुटते, आणि क्लॅव्हिओलिन चाल उचलतं. मध्ये गिटार सूत्र हाती घेते तेव्हा आवाज जमिनीवर आल्यासारखा वाटतो. मग सूर एकदम वरच्या पट्टीत जातो, शेवटच्या फेरीला गॉडर्डचा आलाप मिसळतो आणि घरघर दूर निघून जाते. चाल स्वतः साधी आहे, थोडी लष्करी संचलनाच्या वळणाची. ती कागदावर लिहून दुसऱ्या बँडला दिली तर ऐकायला बरी वाटेल, एवढंच. त्यानंतर अनेकांनी ती वाजवली आहे. मूळ रेकॉर्डची उंची कोणाला गाठता आलेली नाही.

ज्या उपग्रहाचं नाव धुनीला मिळालं, त्याचं आयुष्य मात्र लहान ठरलं. टेलस्टार आकाशात जाण्याच्या आदल्याच दिवशी अमेरिकेने प्रशांत महासागराच्या वर सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर अणुबॉम्बची चाचणी केली होती. 'स्टारफिश प्राइम' असं त्या चाचणीचं नाव. त्यातून सुटलेले वेगवान इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकून राहिले आणि टेलस्टारला प्रत्येक फेरीत त्यांच्यातून जावं लागलं. त्याचे ट्रान्झिस्टर त्या किरणोत्साराने निकामी होत गेले. नोव्हेंबरमध्ये तो बंद पडला. अभियंत्यांनी जमिनीवरून खटपट करून जानेवारीत त्याला पुन्हा बोलतं केलं, पण २१ फेब्रुवारी १९६३ला तो कायमचा गप्प झाला. म्हणजे त्याच्या नावाची धून अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचली तेव्हा उपग्रह स्वतः बंद होता. तो निर्जीव गोळा आजही पृथ्वीभोवती फिरतो आहे.

मीकच्या वाट्याला आलेलं तर याहून दुःखद आहे. रेकॉर्डच्या लाखो प्रती खपल्या, आयव्हर नोव्हेलो पारितोषिक मिळालं, आणि मार्च १९६३मध्ये झाँ लेद्रू या फ्रेंच संगीतकाराने दावा लावला. १९६०च्या 'ऑस्टरलिट्झ' या चित्रपटासाठी आपण केलेल्या संचलन-धुनीवरून ही चाल उचलली आहे, असं त्याचं म्हणणं. तो चित्रपट तोवर ब्रिटनमध्ये प्रदर्शितही झाला नव्हता. पण खटला चालू असेपर्यंत रचनेचं मानधन अडकून पडलं. मीकने आयुष्यात केलेली सर्वांत मोठी कमाई त्याच्या हाती कधीच आली नाही. बँडलाही फारसं भाग्य लाभलं नाही. अमेरिकेत मागणी असताना ते दौऱ्यावर जाऊ शकले नाहीत, कारण बिली फ्युरीच्या साथीचं बंधन आड आलं.

त्याच वर्षी मीकवर समलैंगिक संबंधांच्या शोधात फिरल्याचा गुन्हा दाखल होऊन त्याला दंड झाला आणि बातमी वर्तमानपत्रात आली. इंग्लंडमध्ये तेव्हा समलैंगिकता हा फौजदारी गुन्हा होता. ब्लॅकमेलची भीती, उत्तेजक गोळ्यांचं व्यसन, वाढतं कर्ज, आणि बीटल्सनंतर बदललेली लोकांची आवड, या सगळ्यात तो खचत गेला. आपल्या युक्त्या कंपन्या चोरतात, भिंतींमागे ध्वनिग्राहक लपवले आहेत, अशा संशयाने त्याला घेरलं. ३ फेब्रुवारी १९६७ रोजी त्याच घरात त्याने आपल्या घरमालकिणीवर बंदूक झाडली आणि मग स्वतःवर. ती बाई निरपराध होती. मीकच्या प्रतिभेबद्दल लिहिताना पुष्कळ लेखक तिला तळटीपेत ढकलतात, ते मला मुळीच पटत नाही. मीक तेव्हा ३७ वर्षांचा होता. त्याच वर्षी जुलैमध्ये इंग्लंडने प्रौढ पुरुषांमधले खासगी समलैंगिक संबंध गुन्ह्यातून वगळले. 'टेलस्टार'चा खटलाही त्याच्या बाजूने सुटला, पण त्याच्या मृत्यूनंतर.

त्याच्या घरातून अठराशेहून अधिक टेपा निघाल्या. चहाच्या लाकडी पेट्यांत भरून त्या विकल्या गेल्या आणि विकत घेणाऱ्याने त्या अनेक दशकं सांभाळल्या. २०२० साली चेरी रेड या ब्रिटिश कंपनीने त्या घेतल्या आणि त्या संगणकावर उतरवून प्रसिद्ध करण्याचं काम हाती घेतलं. ड्रमवाला क्लेम कॅटिनी पुढे लंडनच्या स्टुडिओंतला सर्वांत मागणी असलेला वादक झाला आणि पहिल्या क्रमांकावर गेलेल्या चाळीसहून अधिक ब्रिटिश रेकॉर्डवर त्याचे ठोके आहेत. गिटारवाल्या जॉर्ज बेलामीचा मुलगा मॅथ्यू हा आजच्या म्यूज या प्रसिद्ध बँडचा गायक. त्यांच्या 'नाइट्स ऑफ सायडोनिया' या गाण्यात वडिलांच्या त्या दुडक्या लयीचा वारसा स्पष्ट ऐकू येतो.

गाणं आवडलं की आपण गायकाचं नाव विचारतो, मग संगीतकाराचं, फार तर गीतकाराचं. मुद्रण कोणी केलं हा प्रश्न मनात येत नाही. परळच्या राजकमलमध्ये बसून मंगेश देसाईंनी कितीतरी चित्रपटांच्या ध्वनीला आकार दिला, सत्यजित राय यांच्यासारखा दिग्दर्शक त्यांच्याकडे येत असे, आणि तरी मराठी घरांत त्यांचं नाव क्वचितच निघतं. कल्याणजींचं क्लॅव्हिओलिन ज्याने टेपवर पकडलं त्याचं नाव किती जणांना सांगता येईल? वाचकांना माझी विनंती आहे: 'नागिन'ची पुंगी आणि 'टेलस्टार' लागोपाठ, चांगल्या हेडफोनवर ऐका. आधी वाद्य ओळखा, मग त्याच्याभोवतीची जागा ऐका. आणि यापुढे एखाद्या रेकॉर्डच्या वेष्टनावर किंवा चित्रपटाच्या श्रेयनामावलीत ध्वनिमुद्रकाचं नाव दिसलं, तर ते वाचून लक्षात ठेवा.